पडत्या बाजारातले भाऊजी

भीती हा प्रकार ज्याने नियम लावून आपल्या आयुष्यातून बाद केला होता असा एकच माणूस मी पाहिला, आणि तो आमच्या घरात जावई म्हणून आला होता. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी. पुलगावच्या दारूगोळ्याच्या डेपोत ते स्टोअरकीपर होते. जिथे काडेपेटीसुद्धा आत न्यायची नाही अशा ठिकाणी माणसाने उमेदीची सगळी वर्षं काढली की त्याच्या अंगात एक सावधपणा मुरतो. भाऊजींच्या अंगात तो इतका मुरला होता की आमच्याकडे वर्ध्याजवळ सिंदी मेघेला पाहुणे म्हणून आले तरी ते दारातच खिसे रिकामे करीत. रुमाल, कंगवा, किल्ल्या, रेल्वेचं तिकीट, सुपारीची पुडी, सगळं टेबलावर ओळीने मांडायचं आणि मगच खुर्चीवर बसायचं. माझे यजमान पहिल्या खेपेला गोंधळलेच होते. त्यांना वाटलं, आपण काही न विचारताच हे गृहस्थ झडती का देताहेत? पुढे पुढे आमच्या घरात ती मांडामांड झाली की चहाचं आधण चढू लागलं.

असा हा माणूस शेअर बाजारात पैसे घालतो, हे लग्नानंतर काही महिन्यांनी उघडकीला आलं तेव्हा आमच्या बाबांनी अंथरूण धरलं. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर. पोस्टाच्या पलीकडे पैसा ठेवायची जागा जगात आहे हे त्यांना मान्यच नव्हतं. जावई सट्टा खेळतात, पोरगी विहिरीत ढकलली, असं दोन दिवस घोकून तिसऱ्या दिवशी ते पुलगावला गेले. जावयाच्या डोक्यातलं भूत उतरवायला गेलेले बाबा संध्याकाळच्या गाडीने परतले ते अगदी शांत होऊन. आईने विचारलं तर म्हणाले, "जावयाले बाजाराचा नाद नाई, शिस्तीचा नाद हाय. त्याले औषध नसते."

भाऊजींचे नियम कुठेही लिहिलेले नव्हते, पण ताईला, मला आणि पुलगावच्या निम्म्या स्टेशन रोडला ते पाठ होते. पुढची दहा वर्षं ज्या पैशाची आठवण येणार नाही तोच पैसा बाजारात घालायचा. कुणी कानात सांगितलेलं घ्यायचं नाही. उसन्या पैशाने घ्यायचं नाही. एका कंपनीवर जीव लावायचा नाही, बाजारातल्या सगळ्या मोठ्या कंपन्यांची थोडी थोडी खिचडी असलेला फंड घ्यायचा. बाजार चढो की पडो, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ठरलेलं घ्यायचं. आणि सगळ्यांत वरचा नियम, घाबरलेल्या दिवशी काहीही विकायचं नाही. लोकांचे श्रावणी सोमवार असतात, आमच्या भाऊजींचा हा बारमाही सोमवार होता. त्या दिवशी कुणाचा साखरपुडा असो, कुणाची तेरवी असो, भाऊजी सकाळच्या पॅसेंजरने वर्ध्याला येत, दलालाच्या ऑफिसात जाऊन आपला ठरलेला सौदा करीत आणि मगच उरलेल्या जगाकडे वळत. त्या ऑफिसात भिंतीवर मोठा पडदा होता, त्यावर हिरवे-तांबडे आकडे मुंग्यांसारखे धावत, आणि त्यांच्यासमोर निवृत्त मंडळी दिवसभर माना वर करून बसलेली असत. भाऊजी खुर्ची उलटी फिरवून पडद्याकडे पाठ करून बसत. ऑफिसातली मुलं त्यांना सोमवारकाका म्हणत. मोबाइलवर घरबसल्या सगळं होतं, कशाला गाडीचे धक्के खाता, असं मी एकदा विचारलं. मी शाळेत शिकवते म्हणून मला ते मास्तरीणबाई म्हणत. "मास्तरीनबाई," ते म्हणाले, "फोनवर हात लवकर चालते, डोकं मांगून येते. मले पुलगाव ते वर्धा एवढा रस्ता पायजे डोकं पोचाले."

बाजार केव्हा फार चढला हे ओळखण्याची त्यांची रीत कोणत्याही पुस्तकात सापडायची नाही. ते लग्नाच्या पंगतीत कान देऊन बसत. पंगतीत लोक पावसापाण्याचं, कापसाच्या भावाचं बोलत असतील तर सगळं ठीक. पण वाढपी वरणाचं भांडं घेऊन उभा आहे आणि नवरदेवाचा मामा शेजारच्याला कोणता शेअर घ्यावा ते सांगतो आहे, असं दिसलं की भाऊजी समजून जात. ताईच्या नणंदेच्या लग्नात तर बँडवाल्याने त्यांना गाठून एका कंपनीचं नाव सुचवलं. भाऊजींनी त्याला हात जोडले आणि पुढच्या खेपेला वर्ध्याला जाऊन थोडं वरून काढून घेतलं. काढलेलं बँकेत मुदतीच्या ठेवीत जाई. वर्षातून एकदा, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, ते दोन्हींकडचं वजन पाहत. शेअर फुगले असतील तर थोडे कमी करायचे, सुकले असतील तर ठेवीतून काढून त्यात घालायचे. गल्लीतली पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार हिंडत असत तेव्हा भाऊजी ओसरीवर बसून म्हणत, बाजारातल्या बैलालाही आजच वेसण घालायची. ताईला यातलं काही कळत नसे. शेवटी त्यांनी तिला तिच्याच भाषेत सांगितलं की भाजीत मीठ जास्त झालं की तू काय करतेस, आलू टाकतेस, अन् कमी झालं की मीठ टाकतेस, मी दुसरं काय करतो? ताईने यावर एवढंच विचारलं की मग भाजी कधी होणार. दहा वर्षांनी, असं भाऊजी म्हणाले.

हे नियम बाजारापुरते राहिले असते तर ताईचा संसार जरा सुटसुटीत झाला असता. पण भाऊजींना एकदा नियम पटला की तो वांग्यांनाही लागू होई. वांगी महाग झाली की घरात थोडी, स्वस्त झाली की रोज. एका हिवाळ्यात वांगी इतकी पडली की ताई ओवाळणीच्या ताटातही वांगं ठेवते की काय, अशी आम्हाला काळजी वाटू लागली. नवराबायकोच्या भांडणालाही नियम होता: तीन दिवस उत्तर द्यायचं नाही. ताई तडतडून बोलायची आणि भाऊजी गप्प. चौथ्या दिवशी सकाळी चहा घेताना ते अत्यंत गंभीरपणे उत्तराला सुरुवात करीत, तोवर ताई भांडण कशावरून होतं तेच विसरलेली असे, आणि मग मुद्दा काय होता हे भाऊजींनाच तिला समजावून सांगावं लागे. मूलबाळ झालं नाही. त्यावरून नातलगांनी बोलून घेतलं, तेव्हा मात्र त्यांनी तीन दिवस थांबण्याचा नियम पाळला नाही. त्यांनी सरळ सांगितलं की आमच्या घरात दोन माणसं आहेत आणि ती पुरतात.

त्यांचे एक जिवलग मित्र होते, स्टेशन रोडवरचे कापडाचे व्यापारी. सगळं गाव त्यांना शेठ म्हणे, मीही तेच म्हणते. भाऊजींनी कधी कुणाचं ऐकलं नाही आणि शेठनी कधी कुणाचं ऐकायचं सोडलं नाही, एवढ्या एका फरकावर त्यांची मैत्री उभी होती. शेठना रोज कुठून तरी पक्की खबर येई. ती घेऊन ते दुकान बंद व्हायच्या वेळी भाऊजींच्या ओसरीवर येत आणि म्हणत, भाऊसाहेब, ह्या वेळी तरी घेऊन टाका. भाऊजी त्यांना चहा देत, खबर नीट ऐकून घेत आणि काहीही करीत नसत. खबर फसली की शेठ आठवडाभर दिसत नसत, मग नवी घेऊन हजर. भाऊजींना एकदा तरी नियम मोडायला लावीन, अशी शेठची जणू प्रतिज्ञाच होती.

बाजार कोसळला की मात्र भाऊजींना पाहावं. दलालाच्या ऑफिसात सुतकी चेहरे, कुणी कपाळाला हात लावून बसलेलं, कुणी देवाचं नाव घेत असलेलं, आणि त्यांच्यामधून हा माणूस जावयाच्या तोऱ्यात आत जाई, तेवढ्याच पैशात नेहमीपेक्षा जास्त घेई आणि येताना आमच्याकडे गोरसपाकाचा, वर्ध्याच्या त्या तुपातल्या बिस्किटांचा, पुडा आणी. बाजार पडल्याचा आनंद साजरा करणारा माणूस वर्ध्यात दुसरा नव्हता. माझ्या मुलांना पुष्कळ दिवस वाटे की मंदी हा एखादा सण आहे. गोरसपाक दिसला की ती विचारत, पडला का बाजार? आणि भाऊजी तृप्तपणे सांगत, "पडला. लय मस्त पडला."

हे सगळं हसण्यावारी नेत असतानाच एकदा त्यांनी मला त्याच्या मुळाची गोष्ट सांगितली. त्यांचे वडील एका गिरणीत होते. गिरणी बंद पडणार अशी बातमी उठली त्या दिवशी वडील दुपारीच घरी आले, बायकोशी न बोलता परत बाहेर पडले आणि मोठ्या कष्टाने घेतलेला रस्त्यावरचा प्लॉट पहिल्या विचारणाऱ्याला मिळेल त्या भावात देऊन आले. गिरणी त्यानंतरही बरीच वर्षं चालली. प्लॉटवर दुसऱ्याचं घर उभं राहिलं. भाऊजी तेव्हा शाळेत जात होते. त्या घरासमोरून जाताना वडील बोलता बोलता मान दुसरीकडे वळवत, ती वळलेली मान भाऊजींनी रोज पाहिली. घाबरला म्हणून माणूस वाईट नसतो, ते म्हणाले, पण घाबरून केलेलं परत होत नाही. ताई त्यांच्याहून बऱ्याच वर्षांनी लहान. आपण आधी जाणार, हा त्यांच्या हिशेबातला पक्का भाग होता. आपल्यामागे तिला भावाच्या, भाच्याच्या, कुणाच्याच तोंडाकडे पाहायची पाळी येऊ नये, म्हणून ही सगळी सोमवारांची माळ होती. हे त्यांनी ताईला कधी सांगितलं नाही. तूही तिला सांगू नको, असं मला म्हणाले.

मग ते महामारीचं वर्ष आलं. गाड्या बंद झाल्या, रस्त्यावर पोलीस उभे राहिले, आणि बाजार असा पडला की जुन्या लोकांनीही कानाला हात लावले. मी फोन केला तो थट्टा करायलाच. म्हटलं, भाऊजी, आता गोरसपाक कसा पोचवणार?  फोन ताईने घेतला. ती कुजबुजत म्हणाली की त्यांनी आज सकाळी दलालाला फोन लावून सगळं विकायला सांगितलं. सगळं म्हणजे, एक तुकडाही न ठेवता. 

त्या दिवसांत घाबरलं नव्हतं कोण? आम्ही सगळ्यांनी स्वतःची समजूत घातली की वय झालं, घरात कोंडून पडले, टीव्हीवर दिवसभर मढी दाखवतात, माणूस खचणारच. गावातले लोक जरा सुखावलेही. एवढा नियमाचा पुतळा, शेवटी आपल्यासारखाच निघाला, असं बरेच जण म्हणाले. फक्त शेठ म्हणाले नाहीत. ज्या बातमीची त्यांनी आयुष्यभर वाट पाहिली ती हातात पडली, तर ते तोंडाला रुमाल बांधून, पोलिसांना चुकवून, मागच्या गल्लीने ताईकडे आले. भाऊजींशी पाच-दहा मिनिटं बोलले आणि निघताना अंगणात ताईला म्हणाले, "वहिनी, मी याला इतकी वर्षं हलवतोय, हा हलला नाही. हे घाबरणं नाही. ह्याला डॉक्टरला दाखवा."

डॉक्टरला दाखवायला हिवाळा उजाडला. तोवर बाकीच्या गोष्टी एकेक करून आल्या होत्या. भाऊजींनी एका सकाळी दोनदा दाढी केली. भाजी आणायला गेले आणि विहाराच्या पायरीवर बसून राहिले. घर कोणतं ते विचारायची त्यांना लाज वाटत होती. ओळखीचा एक जण जय भीम करून पुढे गेला, त्यालाही त्यांनी विचारलं नाही. ताईचं नाव त्यांना येई, पण माझं येईना, मास्तरीणबाई तेवढं येई. वर्ध्याच्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला, घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शंभरापासून उलटं मोजायला सांगितलं. आयुष्यभर मालाची मोजदाद केलेला माणूस काट्यांची जागा शोधत बसला. विस्मरणाचा आजार आहे, डॉक्टर म्हणाले, तो बहुधा दीड-दोन वर्षांपासून आहे. अशा आजारात कधीकधी आठवणीच्या आधी निर्णय बिघडतो, भीती वाढते, आणि घरच्यांना ते उशिरा कळतं. ताई माझ्याकडे पाहू लागली. दोघींच्याही मनात दलालाला केलेला तो सकाळचा फोन आला.

आता प्रश्न बँकेत पडून राहिलेल्या पैशाचा होता. बाजार तोवर सावरून वर आला होता. भाऊजींनी खात्यावर ताईचंही नाव फार पूर्वी घालून ठेवलं होतं, तिची सही चालत होती. मी हट्टच धरला. म्हटलं, त्यांच्याच नियमाने जाऊ. एकदम नको, दर पहिल्या सोमवारी थोडं थोडं परत घालू. त्यांनी इतकी वर्षं जे तुझ्यासाठी उभं केलं ते त्यांच्या आजारात जाऊ द्यायचं का? न सांगण्याचं कबूल केलेलंही मी त्या दिवशी तिला सांगून टाकलं. ताई ऐकून घेत गेली आणि शेवटी हो म्हणाली. महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्ही तिघं दलालाच्या ऑफिसात गेलो. वाटलं होतं, जुनी जागा पाहून त्यांना बरं वाटेल. ऑफिसातली मुलं उठून उभी राहिली, कुणी तरी सवयीने खुर्ची उलटी करून ठेवली. पण भाऊजी पडद्याकडे तोंड करून उभे राहिले. तांबड्या आकड्यांची एक रांग सरकत गेली आणि ते मागे मागे येत ताईला खेटले.

ताईच्या समोर कागद होता, हातात पेन होतं. भाऊजींनी तिचं मनगट धरलं.

"नको टाकू वं," ते म्हणाले. "सारं बुडून राह्यलं. तुले काई उरनार नाई."

ताईने त्यांना समजावलं की हे तुमचेच नियम आहेत, तुम्हीच सांगितलं होतं की पडलं तरी घ्यायचं, थांबायचं. भाऊजी तिच्याकडे लहान पोरासारखे पाहत राहिले. मग म्हणाले, "मी सांगतलं असन. तवा मी शहाना असन. आता मले भेव वाटते."

ताईने पेनाला टोपण लावलं. कागद तसाच मुलांकडे सरकवला, भाऊजींच्या पाठीवर हात ठेवला आणि त्यांना बाहेर घेऊन आली. बाहेरच्या टपरीवर त्यांना चहा दिला, बशीत ओतून. मी तिला जरा बाजूला घेतलं. माझा आवाज चढला होता. मी म्हटलं, आजाऱ्याच्या बोलण्यावर तू तुझं म्हातारपण सोडून देतेस का? हा माणूस आता तो राहिला नाही, ताई. खरे भाऊजी असते तर त्यांनी तुला आत ढकललं असतं.

ताई माझ्याहून कमी शिकलेली, वादात ती कधी पडत नसे. ती भाऊजींच्या बशीकडे लक्ष ठेवून म्हणाली, "नियम कायच्यासाठी होते, सांग बरं. भेव वाटू नये म्हनून. आता त्याईले नियमाचंच भेव वाटून राह्यलं. मंग मी कोनाचं ऐकू? तवाच्या मानसाचं का आताच्या?"

मी म्हटलं की तो पैसा तुझ्यासाठी होता. "माह्यासाठी होता नं," ती म्हणाली, "तं माह्यं मी पाहीन." आणि पदराने त्यांच्या शर्टावर सांडलेला चहा पुसायला लागली. त्या दिवशी दुपारी ती बँकेत गेली आणि सगळं मुदत ठेवीत टाकलं. पावती तिने भाऊजींच्या हातात दिली. ती त्यांनी उलटीसुलटी करून पाहिली आणि परतीच्या गाडीत, खिडकीशी डोकं टेकून, वर्धा मागे पडायच्या आत त्यांना गाढ झोप लागली. कित्येक महिन्यांनंतर ते असे झोपले होते, असं ताईने मला नंतर सांगितलं.

बाजार त्यानंतर चढतच गेला. शेठ कधी भेटले तर माझ्याशी हळू आवाजात बोलत, वहिनींना सांगू नका म्हणत. ताईला माहीत होतं. पेपर तिच्याकडेही येत होता. ती निवृत्तिवेतनात आणि व्याजात भागवत राहिली. दिवसा एक बाई ठेव, असं मी म्हटलं तर पुढे पाहू म्हणायची, आणि ते पुढे कधी आलं नाही. भाऊजींना आंघोळ घालणं, त्यांच्यामागे अंगणात हिंडणं, पन्नासदा विचारलेल्याला एक्कावन्नदा उत्तर देणं, हे ती एकटी करी. समोरची खोली तिने भाड्याने दिली. तिची कंबर वाकली. मी गेले की मला तिच्या निर्णयाचा राग येई आणि तो राग मी कणीक मळण्यात काढी. पण हेही खरं की त्या घरात पुन्हा कुणी घाबरलं नाही. आधीच्या आयुष्यात भाऊजी सतत दहा वर्षं पुढच्या गावात राहत. ताईच्या वाट्याला ते चहाच्या वेळेपुरतेच यायचे. आता ते दिवसभर तिच्यापाशी असत. ती शेंगा सोलायला बसली की समोर बसून टरफलं वेगळी करीत, आणि चांगली झाली म्हणून तिने मान हलवली की त्यांना खूप आनंद होई.

गेल्या हिवाळ्यात भाऊजी गेले, झोपेतच. ताई अजून पुलगावातच आहे. माझ्याकडे राहायला ये म्हटलं तर येत नाही. कुणापुढे हातही पसरत नाही, ते मात्र जसं व्हायला हवं होतं तसं झालं. फक्त त्यासाठी तिला स्वतःची पोळी लहान करावी लागली. लोक भाऊजींची आठवण काढतात ती अजून पंगतीतल्या कानांची, वांग्यांची आणि उलट्या खुर्चीची. मीही काढते, हसतेही. पण एकटी असले की मला दिसतात ते गिरडच्या टेकडीवरचे भाऊजी.

ते जायच्या आदल्या वर्षी शेठनी आपली गाडी काढली होती. म्हणाले, उन्हं कोवळी आहेत, भाऊसाहेबांना जरा बाहेर फिरवून आणू. आम्ही चौघं समुद्रपूरवरून गिरडला गेलो. टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा, खाली तळं, आणि वाटेत सगळीकडे सुपारीएवढे, जायफळाएवढे गोलसर दगड पसरलेले. वर चढताना भाऊजी दमले म्हणून आम्ही पायऱ्यांच्या कडेला बसलो. त्यांनी त्यातला एक दगड उचलला आणि हातात फिरवत बसले. शेठनी मग त्यांना तिथली गोष्ट सांगितली. हे दगड म्हणजे व्यापाऱ्यांचा माल. फिरते व्यापारी इथून चालले होते, सुपारी, जायफळ, नारळ, बैलांच्या पाठीवर गोण्याच गोण्या. त्यांनी फरीदबाबांची टिंगल केली आणि बघता बघता सगळा माल दगड झाला. आमच्या जातीच्या लोकांची गोष्ट आहे, असं म्हणून शेठ हसले. त्यांची गोष्ट तिथेच संपत होती.

भाऊजींची मान मात्र वर झाली नाही. दगड फिरवता फिरवता त्यांनी विचारलं, "मंग थे व्यापारी कुठं गेले?"

शेठना ते माहीत नव्हतं. कुणी सांगत नाही, ते म्हणाले.

"घरी गेले," ताई म्हणाली.

"माल तं सारा दगड झाला. रिकाम्या हातानं गेले?"

"हो. रिकाम्या हातानं."

 वर दर्ग्याकडे कुणी लोभान पेटवला होता, त्याचा वास वाऱ्याबरोबर खाली येत होता. ताईने त्यांच्या गळ्यातला मफलर सारखा केला.

"घरी कोनी होतं नं त्याईच्या?"

 ताई म्हणाली, "होतं. वाट पाहून राह्यलं होतं."

"मंग बरं झालं," भाऊजी म्हणाले, आणि हातातला दगड त्यांनी गवतात, जिथून उचलला होता तिथेच, अलगद ठेवून दिला.